कुलवृत्तांताच्या मेल: माळ्यावरच्या डिस्कपासून नव्या संगणकापर्यंत

५ मे २०२४, रविवार

काम काय ते आधी मांडून ठेवते, म्हणजे मध्येच फाटे फुटले तर मूळ वाटेवर परत येता येईल.

काकांनी आमच्या घराण्याचा कुलवृत्तांत २००९ साली काढला. दुसरी आवृत्ती यंदा दिवाळीपर्यंत काढायचं त्यांनी मनावर घेतलंय. पहिल्या वेळी शाखाशाखांतून आलेली माहिती, म्हणजे वंशावळी, फोटो, कोणाचा मुलगा कोणाकडे दत्तक गेला, कोण कधी वऱ्हाड सोडून इंदूरला गेला, हे बहुतेक सगळं मेलवर आलं होतं. छापताना पानांचा खर्च बघून बरंच गाळलं. आता नेमकं ते गाळलेलंच हवंय.

मेल तीन जागी आहेत. २००२ ते २०११ च्या नागपुरात महाल भागातल्या घरी माळ्यावर पडलेल्या विंडोज एक्सपीच्या संगणकात, आउटलुक एक्सप्रेस या तेव्हाच्या मेलच्या प्रोग्राममध्ये. २०११ ते २०१८ च्या विंडोज सेव्हनच्या संगणकावर, थंडरबर्ड या मेलच्या मोफत प्रोग्राममध्ये. तो अजून चालतो, काकू त्यावर पत्ते खेळतात. त्यानंतरचं सगळं जीमेलवर.

पहिला भाग सगळ्यात अवघड आणि सगळ्यात मोलाचा. तेव्हा मेल पॉप पद्धतीने यायची: प्रोग्रामने सर्व्हरवरून मेल उतरवून घेतली की ती सर्व्हरवरून पुसली जायची. ‘सर्व्हरवर प्रत ठेवा’ असा पर्याय होता, पण तो मुद्दाम चालू करावा लागे. आणि करणार कोण? इंटरनेट देणाऱ्या कंपनीची टपालपेटी काही एमबींची, एक-दोन स्कॅन केलेले फोटो आले की भरायची. डायल-अपवर फोनचं बिल मिनिटामिनिटाने चढायचं. म्हणून लोक मेल उतरवून घेत, फोन तोडत आणि मग निवांत वाचत. परिणामी त्या नऊ वर्षांच्या मेलची जगात एकच प्रत आहे, ती त्या माळ्यावरच्या डिस्कवर.

काका म्हणाले, “डबा चालू नाही होत, पण डिस्कला काय झालं? चांगलीच असणार न.” बघू.

८ मे, बुधवार

संगणक माळ्यावरून उतरवताना एका पुठ्ठ्याच्या खोक्यात सीडी सापडल्या. काकूंच्या अक्षरात ‘मेल बॅकअप २००६’, ‘मेल बॅकअप २००७’. क्षणभर वाटलं, काम इथेच संपलं.

२००६ च्या सीडीवर एकच फाईल निघाली, १ केबीची. ती आउटलुक एक्सप्रेसच्या चिन्हाचा शॉर्टकट आहे. तेव्हा घरी येऊन संगणक दुरुस्त करणाऱ्या माणसाने डेस्कटॉपवरचं चिन्ह उचलून सीडीवर टाकलं, ‘झालं बॅकअप’ म्हणून पैसे घेतले आणि गेला. सतरा-अठरा वर्षं ती सीडी जपून ठेवलेली. कोणी एकदाही उघडून बघितली नाही.

२००७ च्या सीडीवर मात्र खरंच डीबीएक्स फाईल आहेत, म्हणजे आउटलुक एक्सप्रेस ज्यांत मेल साठवतं त्या. पण सीडीचा वरचा थर कडेने उडालाय. इनबॉक्स अर्ध्यावर वाचून ड्राइव्ह घरघरत बसतो. नागपूरच्या उन्हाळ्यात पत्र्याखालच्या माळ्यावर राहिलेल्या सीडीकडून याहून जास्त काय अपेक्षा ठेवणार? जेवढं वाचता आलं तेवढं वेगळ्या फोल्डरमध्ये काढून ठेवलं, पुढे पडताळ्याला उपयोगी पडेल. यापुढे कोणी असंच करत असेल तर एक गोष्ट लक्षात असू द्या: सीडीवरून उतरवलेल्या फाईल ‘फक्त वाचनासाठी’ अशा खुणेसह येतात आणि ती खूण काढल्याशिवाय आउटलुक एक्सप्रेस त्या आत घेत नाही. कित्येकांनी याच कारणाने चांगलं बॅकअप बिघडलं समजून फेकून दिलंय.

११ मे, शनिवार

डिस्क ८० जीबीची, आयडीई. म्हणजे मागे चपटी रुंद पट्टी लागणारी, सध्याच्या कुठल्याही संगणकाला थेट न बसणारी. आयडीईवरून यूएसबीवर नेणारं अडॅप्टर हवं म्हणून बर्डीवर, म्हणजे सीताबर्डीच्या बाजारात गेले. तीन-चार दुकानांत ‘ताई, हे आता कोणी ठेवतच नाही न’ हेच ऐकलं. शेवटी एका गल्लीतल्या दुरुस्तीवाल्याने काउंटरखालून काढून दिलं, जुनंच. सोबत वेगळा पॉवर अडॅप्टर आहे हे बघून घेतलं, कारण साडेतीन इंची डिस्कला १२ व्होल्टही लागतात आणि यूएसबीतून ५ च मिळतात. नुसती वायर घेऊन घरी आलं की डिस्क फिरतच नाही.

घरी आल्यावर डिस्कच्या मागच्या पिना बघितल्या. पट्टीची जागा आणि पॉवरची जागा यांच्या मध्ये बारीक पिनांच्या जोड्या असतात आणि त्यांतल्या एका जोडीवर तांदळाएवढी प्लॅस्टिकची टोपी बसवलेली असते. ती जम्पर. ती ‘स्लेव्ह’वर, म्हणजे दुय्यम डिस्कच्या जागी होती. कधीकाळी या डब्यात दोन डिस्क असणार. डिस्कवरच्या स्टिकरवर आकृती छापलेली असते, ती बघून चिमट्याने टोपी ‘मास्टर’वर सरकवली. बहुतेक अडॅप्टर डिस्क ‘मास्टर’ असल्याशिवाय ओळखत नाहीत.

आज जोडली नाही. खोलीत दुपारी चाळीसच्या वर आहे. डिस्कच्या माहितीपत्रकात साधारण ६० अंशांपर्यंत चालवायला परवानगी असते, पण चालू डिस्क स्वतःही तापते आणि खोलीपेक्षा सहज दहा-पंधराने वर जाते. कूलरसमोर ठेवायचं काकूंनी सुचवलं. कूलरचा दमट वारा उघड्या सर्किटवर नको. रात्री उशिरा करू.

१२ मे, रविवार

पहाटे चारला जोडली. फिरली. टकटक आवाज नाही, ही मोठी गोष्ट.

आधी काहीच उघडलं नाही. विंडोजऐवजी लिनक्स मिंट पेनड्राइव्हवरून चालवून डिस्कची ‘स्मार्ट’ माहिती वाचली, म्हणजे डिस्क स्वतःच्या तब्येतीची ठेवते ती नोंद. पुनर्वाटप झालेले सेक्टर, म्हणजे खराब झाल्याने डिस्कने बदलून टाकलेले साठवणीचे छोटे कप्पे, थोडे, पण ‘प्रलंबित’ सेक्टर बरेच, म्हणजे डिस्कला जे वाचता येत नाहीत आणि जे अजून बदललेही नाहीत असे. अशा डिस्कवर फोल्डर उघडून फाईल शोधत बसणं म्हणजे तिचा उरलेला श्वास गप्पांत घालवणं. विंडोजला तर हिच्याजवळ फिरकूच द्यायचं नाही. जोडताक्षणी ते ‘तपासून दुरुस्त करू का’ विचारतं आणि कोणीतरी हो म्हणतं.

डीडीरेस्क्यूने संपूर्ण डिस्कची प्रतिमा, म्हणजे एका फाईलमध्ये उतरवलेली हुबेहूब प्रत, घ्यायला लावली. हा प्रोग्राम आधी सोपं सोपं वाचून घेतो, अडलेली जागा सोडून पुढे जातो आणि अडलेल्या जागांकडे शेवटी वळतो. शिवाय कुठपर्यंत वाचलं, कुठे अडलं, हे एका नकाशा-फाईलमध्ये टिपत जातो. चांगला भाग उजाडायच्या आत झाला. मग नऊ वाजता बंद केलं, ऊन चढायच्या आधी. रात्री पुढे.

१४ मे, मंगळवार

काल रात्री वादळ आलं आणि वीज गेली. लॅपटॉप बॅटरीवर चालू राहिला, पण डिस्कचा पॉवर अडॅप्टर भिंतीतला. डिस्क मध्येच थांबली.

नकाशा-फाईल असल्याने काही वाया गेलं नाही. वीज आल्यावर तीच आज्ञा पुन्हा दिली आणि काम तुटलं होतं तिथूनच सुरू झालं. साध्या कॉपीत हे झालं असतं तर कुठपर्यंत आलं होतं हेही कळलं नसतं. काका रात्री अकराला डोकावले. “काय करून राहिली गं अजून? झोप न आता.” म्हटलं, मी काहीच करत नाहीये, तीच करतेय.

१६ मे, गुरुवार

प्रतिमा पूर्ण. थोडासा भाग कायमचा गेला, काही शेकडो केबी. आता प्रश्न असा की ते केबी कोणत्या फाईलचे? गेलेला भाग विंडोजच्या एखाद्या निरुपयोगी फाईलचा असेल तर सुटलो, इंदूरच्या पत्रांचा असेल तर नाही.

यासाठी एक छान युक्ती आहे. प्रतिमेची दुसरी प्रत करायची आणि तिच्यातल्या न वाचलेल्या जागा डीडीरेस्क्यूलाच एका ठरावीक, एरवी कुठे न सापडणाऱ्या शब्दाने भरायला लावायच्या. मग ती प्रत उघडून प्रत्येक फाईलमध्ये तो शब्द शोधायचा. ज्यांत सापडला त्या जखमी. आमच्या यादीत विंडोजच्या काही फाईल, काही गाणी, आणि एक ‘सेंट आयटेम्स’. म्हणजे काकांनी पाठवलेल्या पत्रांना खरचटलंय, आलेल्या पत्रांना नाही. जीव भांड्यात पडला.

मूळ डिस्क अँटिस्टॅटिक पिशवीत घालून कपाटात. यापुढे तिला हात लावायचा नाही, सगळं प्रतिमेवर, तेही ‘फक्त वाचन’ पद्धतीने उघडून.

१८ मे, शनिवार

आउटलुक एक्सप्रेस मेल कुठे ठेवायचं, हे त्या काळी कोणाला ठाऊकच नसायचं, आणि त्यात लोकांचा दोष नाही. ‘डॉक्युमेंट्स अँड सेटिंग्ज’, मग वापरणाऱ्याचं नाव, मग ‘लोकल सेटिंग्ज’ (हे फोल्डर लपवलेलं असतं), ‘ॲप्लिकेशन डेटा’, ‘आयडेंटिटीज’, मग महिरपी कंसातला एक लांबलचक क्रमांक, ‘मायक्रोसॉफ्ट’, आणि सगळ्यात आत ‘आउटलुक एक्सप्रेस’. ‘माय डॉक्युमेंट्स’ जपून कॉपी करणाऱ्यांची मेल यामुळेच मागे राहिली आणि फॉरमॅटमध्ये गेली.

तिथे प्रत्येक फोल्डरसाठी एक डीबीएक्स फाईल मिळाली. काकांनी शाखावार फोल्डर केले होते, नावं रोमनमध्ये: इंदूर, ग्वाल्हेर, अमरावती, ‘परदेश’, आणि एक नुसतं ‘शंका’. पत्त्यांची वही वेगळ्याच जागी, डब्ल्यूएबी फाईलमध्ये. ती विंडोज सेव्हनवर नेऊन दोनदा टिचकी मारली की तिथल्या ‘कॉन्टॅक्ट्स’मध्ये पत्ते उतरतात आणि तिथून सीएसव्ही, म्हणजे साध्या मजकुरातला तक्ता, करता येते. ते उरकून टाकलं.

डीबीएक्स हल्लीचं कोणतंच सॉफ्टवेअर थेट उघडत नाही. जुन्या थंडरबर्डमध्ये आयात करायची सोय होती, पण त्यालाही शेजारी आउटलुक एक्सप्रेस बसवलेलं लागे. म्हणून अनडीबीएक्स नावाचा छोटा मोफत प्रोग्राम वापरला. तो डीबीएक्स फोडून एकेक मेल ईएमएल फाईल म्हणून बाहेर काढतो. ईएमएल म्हणजे मेलचा मूळ मजकूर जसाच्या तसा, कुठल्याही एका कंपनीच्या साच्यात न अडकलेला. नोटपॅडमध्येही उघडतो.

आलेल्या पत्रांचे सगळे फोल्डर बिनतक्रार सुटले. ‘सेंट आयटेम्स’ अडलं.

१९ मे, रविवार

‘सेंट आयटेम्स’वर अनडीबीएक्सची दुरुस्ती-पद्धत चालवली. ती फाईलच्या अनुक्रमणिकेवर विसंबत नाही, मेलचे तुकडे थेट धुंडाळते. जखमी भागातल्या काही मेल सोडता बाकी मिळाल्या. गेलेल्यांपैकी बऱ्याच मेल समोरच्याच्या उत्तरात खाली चिकटलेल्या सापडल्या. उत्तर देताना खालचा जुना मजकूर न काढण्याची लोकांची सवय मला एरवी आवडत नाही. आज तिचे आभार मानले.

दुसरीच गोष्ट समोर आली. ही पद्धत काकांनी पुसलेल्या मेलही वर काढते. आउटलुक एक्सप्रेसमध्ये मेल पुसली तरी फोल्डर ‘कॉम्पॅक्ट’ करेपर्यंत तिचा मजकूर फाईलमध्येच पडून असतो. त्या अर्धवट निघतात, मध्ये मध्ये अक्षरं खाल्लेली. त्यात एका शाखेशी झालेल्या वादाची पत्रं आहेत. दोन-चार ओळी वाचल्यावर काय आहे ते कळलं आणि थांबले.

काकांना सांगितलं. ते जरा वेळ गप्प होते. मग म्हणाले, “मी पुसलं होतं न? पुसलेलंच राहू दे.” ते फोल्डर नव्या साठ्यात घेतलं नाही, काढून टाकलं. पण प्रतिमेत ते आहेच, म्हणून प्रतिमा पासवर्डशिवाय कुठेही ठेवायची नाही असं ठरलं. जुना संगणक भंगारवाल्याला देताना ‘सगळं डिलीट केलंय’ म्हणणाऱ्यांनी हे वाचावं.

२५ मे, शनिवार

ईएमएल फाईल थंडरबर्डमध्ये ‘लोकल फोल्डर्स’खाली घेतल्या, इम्पोर्टएक्सपोर्टटूल्स एनजी या ॲड-ऑनने. फोल्डरची रचना काकांची होती तीच ठेवली, ‘शंका’सकट.

आणि खरा प्रकल्प आज सुरू झाला म्हणायला हरकत नाही. इंदूरच्या मेल उघडल्या तर मराठीच्या जागी नुसता कचरा: कंस, डॉलर, उलटे स्वल्पविराम, मध्येच दोन टिंबं डोक्यावर घेतलेला रोमन ए. ग्वाल्हेरचंही तेच. इंग्रजीत लिहिलेल्या मेल स्वच्छ.

फाईल शाबूत आहे, एकही बिट हललेला नाही, आणि तरी पत्र वाचता येत नाही. त्या काळी घरोघरी युनिकोड, म्हणजे प्रत्येक लिपीतल्या अक्षराला सगळ्या संगणकांवर एकच ठरावीक क्रमांक देणारी पद्धत, पोचलेलं नव्हतं. विंडोज एक्सपीत मराठीसाठी मंगल फॉन्ट होता खरा, पण भारतीय लिप्यांचा आधार मूळ सीडी घालून वेगळा बसवावा लागे. त्यापेक्षा शिवाजी, किरण, सुरेख असले फॉन्ट पेनड्राइव्हवरून घेऊन टाकायचे आणि टंकायला लागायचं. या फॉन्टमध्ये ‘क’ हा संगणकाच्या लेखी क नसतोच. तो कुठलं तरी रोमन अक्षर किंवा चिन्ह असतो आणि फॉन्ट त्याच्यावर क चं चित्र चढवतो. चित्र काढून घेतलं की मागे डॉलर उरतो.

म्हणजे फॉन्ट हा इथे पत्राचाच भाग आहे. नुसती मेल वाचवून उपयोग नाही.

२६ मे, रविवार

जुन्या डिस्कच्या प्रतिमेतून ‘विंडोज’खालचं ‘फॉन्ट्स’ फोल्डर उचललं. काकांनी त्या काळी बसवलेले सगळे मराठी फॉन्ट तिथे होते. लॅपटॉपवर बसवले. थंडरबर्ड बंद करून उघडलं आणि इंदूरची पहिली मेल जशीच्या तशी उमटली: ‘ती. दादांस सा. न. वि. वि.’

सगळ्या नाही उमटल्या. मेल एचटीएमएलमध्ये, म्हणजे सजवलेल्या मजकुराची असेल तर आत फॉन्टचं नाव लिहिलेलं असतं, मेलचा स्रोत उघडला की दिसतं, आणि ते नाव जुळलं की काम होतं. साध्या मजकुराच्या मेलमध्ये नाव नसतंच. कोणता फॉन्ट लावायचा ते ओळखायचं कसं? काकांना शेजारी बसवलं. त्यांनी चष्मा कपाळावर ढकलला, पडद्याजवळ गेले, त्या कचऱ्याकडे बघितलं आणि म्हणाले, “हे शिवाजी. आणि ते खालचं, ते किरण आहे.” वर्षानुवर्षं त्याच कळांवर टंकल्याने ‘आहे’ हा शब्द कोणत्या फॉन्टमध्ये कोणत्या तीन-चार चिन्हांचा दिसतो हे त्यांना पाठ आहे. मजकुरात ‘आहे’ दर दोन ओळींनी येतोच. एकाही मेलला त्यांचा अंदाज हुकला नाही.

काही थोड्या मेलमध्ये अक्षरांच्या जागी काळ्या चौकटीतली प्रश्नचिन्हं होती. तिथे पाठवणाऱ्याच्या प्रोग्रामने अक्षरसंच एक सांगितला आणि मजकूर भलताच भरला. थंडरबर्डच्या ‘व्ह्यू’मध्ये ‘रिपेअर टेक्स्ट एन्कोडिंग’ आहे, त्याने बहुतेक सुटल्या.

१ जून, शनिवार

कामाच्या मजकुराचं युनिकोड करायला घेतलं, कारण छापखान्याला तेच लागणार. या फॉन्टचं युनिकोड करून देणारी पानं इंटरनेटवर आहेत. पण आपल्या घरच्या लोकांची दत्तकपत्रं अनोळखी पानावर चिकटवायची नाहीत. ज्याचं सगळं गणित पानातच चालतं असं एक पान संगणकावर उतरवून घेतलं आणि वायफाय बंद ठेवून वापरलं. रफार आणि पाऊण र जिथे येतो तिथे ते हमखास गडबडतं, ‘वऱ्हाड’ तर दर वेळी. म्हणून नियम: युनिकोड ही कामाची प्रत, मूळ मेलला हात नाही.

परवा नागपुरात एका स्वयंचलित केंद्रावर ५६ अंशांची नोंद झाली म्हणून देशभर बातमी झाली, आणि नंतर हवामान खात्याने सांगितलं की तो सेन्सरचा दोष होता. तोवर आमच्या कुटुंबाच्या ग्रुपवर लंडनहून काळजीचे निरोप येऊन गेले. आकडा छापील दिसला की कोणी विचारत नाही, मोजला कोणी. मेलच्या तारखांचंही तेच आहे.

अमरावतीच्या एका काकांच्या सगळ्या मेल यादीच्या तळाशी जाऊन बसल्या होत्या, कारण त्यांच्यावर तारीख १९८० सालची. मेलवरची ‘डेट’ ही ओळ पाठवणाऱ्याचा संगणक लिहितो. मदरबोर्डवरचा बटणाएवढा सेल संपला की संगणकाचं घड्याळ दर वेळी मागे जातं, आणि ते घड्याळ जे म्हणेल तीच तारीख मेलवर पडते. खरी वेळ ‘रिसीव्ह्ड’ ओळींत असते. त्या वाटेतल्या सर्व्हरांनी लिहिलेल्या. थंडरबर्डमध्ये ‘रिसीव्ह्ड’ हा रकाना वेगळा दाखवता येतो. तो लावल्यावर सगळ्या २००५-०६ मध्ये आपापल्या जागी आल्या. आम्हाला याचं महत्त्व यासाठी की त्यांनी वंशावळ दोनदा पाठवलीय आणि दोन्हीत एका पिढीचा फरक आहे. नंतरची कोणती, हे आता ठरलं.

२ जून, रविवार

विंडोज सेव्हनच्या संगणकावरचं थंडरबर्ड. हे सोपं. थंडरबर्ड मेल एमबॉक्समध्ये ठेवतं: एक फोल्डर, एक फाईल, एकाखाली एक मेल, वाण्याच्या खातेवहीसारख्या ओळीने. शेजारची एमएसएफ फाईल ही नुसती अनुक्रमणिका, ती हरवली तरी पुन्हा तयार होते. थंडरबर्ड बंद केलं, अख्खं प्रोफाईल फोल्डर (मेल आणि सेटिंग्ज जिथे राहतात ते) उचललं, त्यातल्या मेलच्या फाईल नव्या ‘लोकल फोल्डर्स’मध्ये टाकल्या, थंडरबर्ड उघडलं. इनबॉक्स रिकामं दिसलं. फोल्डरच्या गुणधर्मांत जाऊन ‘रिपेअर फोल्डर’ केल्यावर सगळं आलं. रिकामं दिसलं म्हणून घाबरून काही पुसू नये, एवढंच.

काकूंनी विचारलं, पत्ते राहतील न? राहतील.

८ जून, शनिवार

जीमेल. गुगल टेकआउटमधून, म्हणजे गुगलकडची आपली माहिती उतरवून घ्यायच्या सोयीतून, मेलची एमबॉक्स मागवली, दुसऱ्या दिवशी दुवा आला. लेबलं फोल्डर म्हणून येत नाहीत, प्रत्येक मेलच्या डोक्यावर एक ओळ म्हणून येतात. शोधून काम भागतं. फाईल ४ जीबीच्या वर असल्याने फॅट३२ या जुन्या पद्धतीने फॉरमॅट केलेल्या पेनड्राइव्हवर बसेना, एक्सफॅट या नव्या पद्धतीने फॉरमॅट केल्यावर बसली.

काका म्हणाले, जीमेलवर आहे तर कशाला उतरवायचं? कारण जीमेल थंडरबर्डला आयमॅपने जोडलेलं आहे, आणि आयमॅप म्हणजे दोन्हीकडे एकच चित्र. इथे पुसलं की तिथेही पुसलं. शिवाय दोन वर्षं कोणी फिरकलं नाही तर गुगल खातं काढून टाकू शकतं, २०२३ च्या डिसेंबरपासून तसं सुरूही झालंय. काकांचं आणखी एक जुनं मोफत खातं असंच न वापरल्याने रिकामं झालेलं आहे. त्यात काय होतं ते आता त्यांनाही आठवत नाही.

१५ जून, शनिवार

तिन्ही जागचं एका थंडरबर्ड प्रोफाईलमध्ये आलं. काही मेल दोनदोनदा आहेत. दुहेरी मेल काढणारं ॲड-ऑन आहे, पण मी ते चालवणार नाही. जागा स्वस्त आहे आणि सीडीवरची प्रत व डिस्कवरची प्रत यांतला फरक कधी कामाला येईल सांगता येत नाही.

बॅकअपमध्ये काय काय ठेवायचं ते आज नक्की केलं: प्रोफाईल फोल्डर, सगळ्या ईएमएल, मूळ डीबीएक्स, फॉन्ट, पत्त्यांची सीएसव्ही, थंडरबर्डची ही आवृत्ती बसवायची फाईल, आणि हे सगळं कसं उघडायचं ते सांगणारं एक पान, साध्या मजकुरात. त्या पानावर कोणत्या शाखेची मेल कोणत्या फॉन्टमध्ये ते काकांकडून लिहवून घेतलं. ते ज्ञान आत्ता फक्त त्यांच्या डोळ्यांत आहे.

छायाचित्रकार पीटर क्रोग यांनी रूढ केलेला ३-२-१ चा नियम: तीन प्रती, दोन प्रकारच्या माध्यमांवर, एक घराबाहेर. एक प्रत संगणकाच्या एसएसडीवर, एक बाहेरच्या हार्ड डिस्कवर महालातच, एक तशीच डिस्क पुण्याला चुलतभावाकडे. दोन्ही बाहेरच्या डिस्क व्हेराक्रिप्ट या प्रोग्रामने पासवर्ड घालून कुलूपबंद, कारण मेलमध्ये लोकांनी पॅन कार्डापासून सातबारापर्यंत काय काय जोडून पाठवलंय. पासवर्ड कागदावर, लखोट्यात, काकूंच्या लोखंडी कपाटात. पासवर्ड फक्त डोक्यात ठेवायचा सल्ला सत्तरीपुढच्या माणसाला देऊ नये. कॉपी झाल्यावर दोन्हीकडच्या फाईलचे एसएचए-२५६ ठसे, म्हणजे मजकूर जरा बदलला तरी बदलणारे लांब आकडे, काढून जुळवले. जुळले.

२२ जून, शनिवार

आज परीक्षा. माझ्या ऑफिसचा जुना, पुसून कोरा केलेला लॅपटॉप घेतला. इंटरनेट बंद. फक्त पुण्याला जाणारी डिस्क आणि ते सूचनांचं पान. मी काही करायचं नाही, काकांच्या नातवाने करायचं. तो अकरावीत आहे, आउटलुक एक्सप्रेस हे नावही त्याने ऐकलेलं नाही.

व्हेराक्रिप्ट बसवायची फाईल डिस्कच्या कुलूपबंद भागातच होती, म्हणजे कुलूप उघडायची किल्ली आत. हे त्याने लगेच दाखवून दिलं, “आत्या, हे कसं उघडू मग?” डिस्कवर एक छोटा उघडा भाग केला आणि ती फाईल आणि सूचनांचं पान तिथे हलवलं. पुढे थंडरबर्ड, प्रोफाईल, फॉन्ट, सगळं त्याने पान वाचून केलं.

काकांनी त्याला शोधायला सांगितलं: इंदूरचं दत्तकाचं पत्र, सोबत मोडी कागदाचं स्कॅन. सापडलं. मेल मराठीत उमटली, स्कॅन उघडलं, तारीख बरोबर. काका ते पुन्हा पहिल्यापासून वाचायला लागले, आणि मग ‘शंका’ फोल्डर उघडायला सांगितलं.

३० जून, रविवार

डिस्क पुण्याला पोचली, भावाने ठसे जुळवून कळवलं. महालातली डिस्क दर महिन्याच्या पहिल्या रविवारी जोडायची आणि नवं उतरवून लगेच काढायची. सतत जोडलेली डिस्क व्हायरसला आणि विजेच्या झटक्याला संगणकाइतकीच सापडते. हे काम नातवाकडे दिलंय.

उरलेलं: ग्वाल्हेरच्या मेलचं युनिकोड निम्मं बाकी, काका रोज सकाळी पाच-सहा तपासतात. ‘सेंट आयटेम्स’मधल्या हरवलेल्या काही पत्रांसाठी त्यांनी थेट त्या त्या नातेवाइकांना फोन करायला घेतलेत, तुमच्याकडे माझी २००४ ची मेल आहे का म्हणून. एकीकडे मिळाली, छापून फाईलला लावलेली. तिचा फोटो व्हॉट्सॲपवर आलाय, मूळ आकारात स्कॅन करून मेलने पाठवा असं कळवलंय.